तानपुरा घडताना: मिरजेतील छायाचित्रण प्रकल्पाच्या नोंदी

१२ जुलै २०२५, शनिवार. विश्रामबाग, सांगली

मिरजेतील एका तंतुवाद्यांच्या कारखान्यात भोपळ्यापासून तारेपर्यंत तानपुरा कसा घडत जातो, याची चाळीस छायाचित्रांची मालिका तयार करून ती १८ बाय १२ इंच आकारात वाचनालयाच्या भिंतीवर लावायची, असे जूनमध्ये ठरले. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत सुरू केलेल्या या व्यवसायाला, म्हणजे तेथील सतार आणि तानपुरा या दोन्ही वाद्यांना, २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून वाद्यांची छायाचित्रे पुष्कळ दिसू लागली, परंतु ती बहुधा पॉलिश होऊन भिंतीला टेकवलेल्या तयार वाद्यांची असतात. वाद्य घडवणारा हात त्यांत क्वचितच दिसतो. आम्हाला तो हात दाखवायचा होता.

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी कारखान्यात जाऊन मी २१२ छायाचित्रे घेतली. कॅमेऱ्यामागच्या तीन इंची पडद्यावर ती सगळीच उत्तम दिसत होती आणि घरी परतताना मी फार खूश होते. आज ती संगणकावर पूर्ण आकारात, म्हणजे ६००० बाय ४००० बिंदूंच्या मूळ मोजमापात उघडली, तेव्हा त्यांतील १९ कामाची निघाली. बाकीच्या १९३ छायाचित्रांत कुठे रंध्यावरची बोटे विरघळली आहेत, कुठे खुंट्यांच्या कडा दुहेरी झाल्या आहेत, तर कुठे भिंतीवरचे कॅलेंडर तारीखवार वाचता येते आणि त्याच्यापुढे बसलेल्या कारागीर चाचांचा चेहरा मात्र धुक्यात आहे.

कॅमेरा माझाच, नऊ वर्षांचा, २४ मेगापिक्सेलचा आणि एपीएस-सी, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरचा डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आहे. सोबत १८-५५ मि.मी.ची झूम आणि ५० मि.मी. एफ १.८ अशा दोन लेन्स आहेत (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो जितका लहान तितके छिद्र मोठे). भाच्याने लगेच सुचवले, "मावशी, आता नवा मिररलेस घे." घेणार नाही. दोष काय आहे हे कळण्याआधी यंत्र बदलले, तर नव्या यंत्रावर जुनाच दोष अधिक स्पष्ट दिसेल, एवढेच होईल.

१३ जुलै, रविवार

दिवसभर नापास छायाचित्रे पुन्हा पाहिली. आपण बोलताना "फोटो ब्लर आला" असे एकच वाक्य वापरतो, आणि त्यामुळे उपायही एकच असावा अशी समजूत होते. प्रत्यक्षात ताप हे जसे अनेक आजारांचे लक्षण असते तसेच धूसरपणाचे आहे, आणि कोणता आजार आहे हे बहुतेक वेळा छायाचित्रच सांगते, फक्त त्यात पाहायचे कुठे हे माहीत हवे.

मी प्रत्येक छायाचित्रात आधी पॉलिश केलेल्या खुंट्यांवरचे प्रकाशाचे ठिपके शोधले. स्थिर वस्तूवरचा असा ठिपका जर स्वल्पविरामासारखा किंवा छोट्या रेघेसारखा उमटला असेल आणि चौकटीतील सगळ्या रेघा एकाच दिशेला झुकल्या असतील, तर कॅमेरा हलला आहे. ठिपके गोल आणि नेटके असून केवळ हात किंवा हत्यार ओघळले असेल, तर कॅमेरा स्थिर होता आणि विषय हलला. चौकटीत दुसरेच काही तरी, पुढचे किंवा मागचे, रेखीव असेल तर फोकस चुकला. आणि कशातच रेखीवपणा नसून उजळ भागांभोवती दुधी झिलई असेल, तर दोष काचेचा आहे.

या कसोटीने विभागणी केली, तेव्हा ७१ छायाचित्रे कॅमेरा हलल्यामुळे गेली होती, ५८ विषय हलल्यामुळे आणि ४४ फोकसमुळे. उरलेल्या २० मध्ये मिश्र किंवा मला न उलगडलेले दोष होते. सर्वांत मोठा वाटा माझ्याच हातांचा निघाला, याचा थोडा राग आला, पण दुरुस्त करायला तोच सर्वांत सोपा आहे.

१९ जुलै, शनिवार. मिरज

कारखान्याच्या लाकडी माळ्यावर वाळलेल्या भोपळ्यांची रास आहे. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. कौलांतील काचेतून येणारा उजेड त्यांच्या पाठीवर पडला की फार देखणा दिसतो, पण तो अगदी मंद आहे. एफ ८ आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ठेवले तर पाव सेकंद लागतो. भोपळे काही हलत नाहीत, म्हणून तिपाई लावली आणि निर्धास्तपणे बारा छायाचित्रे घेतली. बाराही दुहेरी कडांची आली.

कारण शोधायला एक स्टीलची वाटी पाण्याने भरून तिपाईशेजारी फळ्यांवर ठेवली. खाली रंधा सुरू झाला की वाटीतील पाण्यावर वर्तुळे उठत होती आणि रंधा थांबला की विरत होती. तिपाई भक्कम होती. जमीनच डोलत होती. आम्ही तिपाई माळ्याच्या मध्यभागावरून उचलून भिंतीलगत, जिथे तुळई दगडी भिंतीत शिरते तिथे नेली, आणि वाटी पुन्हा ठेवून पाहिली: तरंग जवळजवळ नाहीसे झाले. उरलेला धोका टाळायला चहाच्या सुट्टीची वाट पाहिली.

तरीही दोन छायाचित्रांत हलकासा थरथराट राहिलाच होता आणि तो माझ्या कॅमेऱ्याच्या पोटातला होता. डीएसएलआरमध्ये छायाचित्र घेण्याच्या क्षणी आतला आरसा वर आपटतो. शटरचा वेळ अगदी थोडा असेल तर हा धक्का पुरता पोहोचण्याआधीच काम होऊन जाते, आणि काही सेकंदांचा असेल तर धक्क्याचा वाटा नगण्य ठरतो. परंतु साधारण १/६० सेकंदापासून एका सेकंदापर्यंतच्या टप्प्यात तो नेमका नडतो. आमचा पाव सेकंद बरोबर या टप्प्यात होता. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे दृश्य थेट मागच्या पडद्यावर दाखवणारी सोय, सुरू करून आरसा आधीच वर नेला, बटण बोटाने दाबण्याऐवजी दोन सेकंदांचा टायमर लावला, तिपाईचा मधला दांडा खाली बसवला आणि लेन्समधील कंप-प्रतिबंधक यंत्रणा बंद केली. ही यंत्रणा हाताचा कंप शोधून त्याची भरपाई करण्यासाठी असते. तिपाईवर कंप नसताना जुन्या लेन्समधील यंत्रणा कधी कधी नसलेल्याचा पाठलाग करते आणि स्वतःच चित्र हलवते.

यानंतर घेतलेल्या सहाही छायाचित्रांत भोपळ्याच्या सालीवरचे बारीक खवले मोजता येतात.

२७ जुलै, रविवार. घरी

आज माझ्या हाताची परीक्षा घेतली. भिंतीवर वर्तमानपत्राचे पान चिकटवून, दीड मीटर अंतरावरून, उभे राहून, प्रत्येक वेगाला वीस छायाचित्रे घेतली.

हातात कॅमेरा धरून काढताना शटरचा वेळ लेन्सच्या मिलिमीटरमधील नाभीय अंतराच्या व्यस्ताइतका किंवा त्याहून कमी ठेवावा, असा जुना नियम आहे, आणि लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात ते अंतर आधी दीडपट धरायचे असते. म्हणजे माझ्या ५० मि.मी.साठी ७५, आणि कॅमेऱ्यावरचा त्याला जवळचा वेग १/८०. या वेगाला माझी वीसपैकी नऊ छायाचित्रे स्वच्छ आली, १/१६० ला सतरा आणि १/४० ला केवळ दोन. हा नियम फिल्मच्या आणि छोट्या प्रतींच्या काळातला आहे, हे विसरून चालणार नाही; २४ मेगापिक्सेलचे चित्र पूर्ण आकारात तपासणाऱ्याने त्याच्या दुप्पट वेग धरावा, निदान माझ्या वयाच्या हातांनी तरी. १८-५५ लेन्सवर यंत्रणा सुरू ठेवून ५० मि.मी.लाच १/२० सेकंदाला बारा छायाचित्रे स्वच्छ आली. ही यंत्रणा खरोखर उपयोगी आहे, फक्त ती माझा हात थोपवते, कारागिराचा नाही.

उभे राहण्याच्या पद्धतीनेही फरक पडला. कोपरे बरगड्यांना टेकवली, डावा तळहात लेन्सखाली आधारासारखा धरला, श्वास सोडता सोडता बटण दाबले आणि एकेक न घेता तीन-तीनच्या झडीने घेतली, तर १/८० ला नऊऐवजी चौदा हाती लागली. झडीतील पहिल्या चित्रात बोटाचा दाब उतरतो आणि मधले चित्र सहसा सर्वांत स्थिर असते. लग्नांत उभे राहून घाईघाईने बटण ठोकणाऱ्या मला हे कोणी वीस वर्षांपूर्वी सांगितले असते, तर बऱ्याच लग्नांची छायाचित्रे वाचली असती.

१० ऑगस्ट, रविवार. मिरज

आज दांडीला रंधा मारण्याचे काम होते. दांडी तुणीच्या लाकडाची. ओली नसूनही तिचा वास दमट हवेत कारखानाभर पसरतो. दाराशी पाट टाकून चाचा बसले होते, म्हणजे दिवसाचा उजेड बऱ्यापैकी मिळत होता: एफ २.८ आणि आयएसओ १६०० ठेवून १/५०० सेकंद.

मला वाटत होते, १/५०० मध्ये काहीही थिजेल. थिजले नाही. रात्री हिशेब मांडला तेव्हा कारण कळले. रंध्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला आणि ५० मि.मी. लेन्स एक मीटरवर असली, तर सेन्सरवर त्याची प्रतिमा सेकंदाला सुमारे २६ मि.मी. सरकते. माझ्या सेन्सरचा एक बिंदू सुमारे ०.००३९ मि.मी.चा आहे. म्हणजे १/६० सेकंदात रंधा ११२ बिंदू ओलांडतो, १/५०० मध्ये १३ आणि १/१००० केले तरी सहा-सात उरतातच. जुलैतील ५८ छायाचित्रे का गेली याचे हे उत्तर आहे. ती सगळी १/६० च्या आसपासची होती. चित्र पुरेसे लहान करून दाखवायचे असेल तर तेरा बिंदूंचे तीन-चार होतात आणि कोणाला कळतही नाही, पण १८ इंची प्रतीत रंध्याची धार दिसायला हवी असेल, तर कळते.

वेग आणखी वाढवायचा तर आयएसओ ६४०० वर जावे लागते आणि तिथे माझ्या जुन्या कॅमेऱ्यात लाकडाच्या रेषा दाण्यांत बुडतात. मी याच विचारात पडद्याकडे पाहत बसले होते, तेव्हा चाचांनी मान वर न करता विचारले, "बाई, हात कधी टिपताय? पुढं जाताना?"

मी म्हटले, "हो चाचा, लाकूड सोललं जातं तेव्हा."

"मग कसा घावंल? हात टोकाला गेला की थांबतो बघा. थांबल्याबिगर मागं येईल कसा?"

हे इतके उघड होते की मला हसू आले. रंधा पुढे जातो, टोकाशी क्षणभर थबकतो आणि उलटतो; त्या उलटण्याच्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो, आणि गंमत अशी, की लाकडाची लांब कात (सोलून निघालेली पातळ पट्टी) नेमकी त्याच क्षणी रंध्याच्या तोंडातून पूर्ण बाहेर आलेली असते. काम दाखवायलाही तोच क्षण चांगला. मी पाचसहा फेऱ्या नुसत्या मोजल्या, ताल धरला आणि टोकाच्या किंचित आधी बटण दाबू लागले, कारण बटण दाबल्यानंतर आरसा वर जाऊन पडदा उघडेपर्यंत थोडा वेळ जातोच आणि माझ्या बोटाचा उशीर त्याहून मोठा असतो. १/२५० सेकंदाला, आयएसओ ८०० वर, तीसपैकी अकरा छायाचित्रांत रंधा, बोटे आणि कात तिन्ही स्वच्छ आली. वेग निम्मा केला, तरी निकाल सुधारला.

कानस, पटाशी आणि पॉलिशचा बोळा यांनाही असाच ताल आहे. वाकसाला (लाकूड तासण्याच्या हत्याराला) मात्र हे लागू पडत नाही. वाकस टोकाशी थबकत नाही, लाकडात रुतून थांबतो, आणि तेव्हा ढलपी उडत असते. ती उडालेली ढलपी धूसर राहिली तरी चालेल, असे ठरवले.

१६ ऑगस्ट, शनिवार. मिरज

सकाळपासून धो धो पाऊस, दारातला उजेड गेलेला, म्हणून आतले एलईडी दिवे लावून काम. १/५०० वर घेतलेल्या प्रत्येक छायाचित्रात आडवे काळपट पट्टे आले आणि दर चित्रात त्यांची जागा बदललेली. कॅमेरा बिघडला अशी माझी खात्रीच झाली होती.

बिघडलेला नव्हता. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो आणि त्यावर चालणारे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात व मंदावतात. वेगवान शटरमध्ये सेन्सर एकदम उघडत नाही, दोन पडद्यांमधली अरुंद फट त्यावरून सरकत जाते. फट सरकत असताना दिवा मंदावला, की तेवढी पट्टी काळवंडते. १/१०० किंवा १/५० ठेवले तर प्रत्येक भागाला दिव्याची पूर्ण आवर्तने मिळतात आणि पट्टे नाहीसे होतात. तसेच झाले. पण १/१०० म्हणजे चालत्या हाताला पुन्हा धूसरपणा, तेव्हा आज केवळ स्थिर वस्तू घेतल्या: पानाफुलांची नक्षी कोरलेला सांधा, खुंट्यांची परडी, सरसाचे भांडे. फ्लॅशचा झटका अतिशय अल्पकाळाचा असल्याने तो हात थिजवतो खरा, परंतु पॉलिशवर त्याचा पांढरा डाग पडतो आणि कारखान्याचा सगळा उजेडच खोटा वाटू लागतो. तो मार्ग सोडला.

२४ ऑगस्ट, रविवार. घरी

फोकसच्या ४४ छायाचित्रांचा दिवस. दोन कारणे सापडली.

पहिले कारण उतावळेपणा. अंधारात सोयीचे म्हणून मी ५० मि.मी. लेन्स एफ १.८ वर पूर्ण उघडी ठेवत होते. एक मीटरवर त्या वेळी रेखीव दिसणाऱ्या पट्ट्याची खोली तीन सेंटीमीटरही नसते. चाचांच्या डोळ्यावर मधल्या चौकोनाने फोकस बांधून, मग चौकट जुळवायला मी कॅमेरा वळवला किंवा नुसती पुढे झुकले, की तो पट्टा नाकावरून कानावर जाणारच. आता स्वयंचलित निवड बंद करून हवा तो एकच फोकस-बिंदू चौकटीच्या कडेला नेऊन ठेवते आणि शक्य तिथे एफ ४ वापरते.

दुसरे कारण यांत्रिक. टेबलावर फूटपट्टी तिरकी ठेवून १५ सेंटीमीटरच्या खुणेवर फोकस बांधला, तर दर वेळी रेखीव भाग कॅमेऱ्याच्या बाजूला सव्वा सेंटीमीटर अलीकडे पडत होता; लाइव्ह व्ह्यूमध्ये हाच प्रयोग केला तेव्हा चूक राहिली नाही. दर्शिकेतून (डोळा लावून पाहायच्या खिडकीतून) पाहताना डीएसएलआर फोकस मोजतो तो तळाशी बसवलेल्या वेगळ्या संवेदकाने, आणि त्या संवेदकाचे अंतर व सेन्सरचे अंतर यांत केसभर तफावत असली तरी ती उघड्या लेन्सवर दिसते. लाइव्ह व्ह्यूमध्ये मोजणी सेन्सरवरच होते. काही कॅमेऱ्यांत ही तफावत मेनूतून दुरुस्त करता येते, माझ्यात ती सोय नाही. तेव्हा बसलेल्या विषयासाठी लाइव्ह व्ह्यू, दहापट मोठे करून, हे ठरले.

७ सप्टेंबर, रविवार

काम नाही. मिरजेची विसर्जन मिरवणूक काल सुरू झाली ती आज दुपारीही चालू होती आणि कारखान्याची गल्ली स्वागत कमानींच्या गर्दीपलीकडे अडकलेली.

रिकाम्या वेळात लेन्स साफ केल्या. ५० मि.मी.च्या मागच्या काचेवर अंगठ्याचा ठसा निघाला. पुढच्या काचेवरची धूळ चित्रात सहसा उतरत नाही, पण मागच्या काचेवरचा तेलकट ठसा उजळ भागांभोवती झिलई आणतो. त्या वीस "न उलगडलेल्या" छायाचित्रांपैकी तेरा याच लेन्सची आहेत. लेन्सच्या पुढे हौसेने लावलेला स्वस्त संरक्षक फिल्टरही काढून टाकला.

१४ सप्टेंबर, रविवार. मिरज

मालिकेतील सर्वांत अवघड छायाचित्र: जवारी. तानपुऱ्याच्या घोडीचा (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा) माथा कानशीने घासून असा किंचित फुगीर करतात, की तार त्याच्यावर एका बिंदूत न टेकता निसटती खेळत राहते. तारेखाली सुताचा दोरा अडकवून तो मागेपुढे सरकवला, की स्वर उघडतो. चार तारा, चार दोरे, आणि सगळा खेळ तळहाताएवढ्या जागेत.

५० मि.मी. लेन्समागे २५ मि.मी.ची जोडनळी लावली, म्हणजे प्रतिमा प्रत्यक्षाच्या निम्म्या आकाराची. यात लेन्स घोडीपासून जेमतेम पंधरा सेंटीमीटरवर येते आणि एफ ८ ला रेखीव पट्ट्याची खोली दोन मिलिमीटरसुद्धा नसते. बाजूने घेतलेल्या पहिल्या दहा छायाचित्रांत एक दोरा लख्ख आणि तीन दोरे ढगात होते. एफ २२ करून पाहिले, तेव्हा चारही दोरे दिसू लागले, पण सगळेच मऊ. छिद्र फार लहान केले की प्रकाश त्याच्या कडेवरून पसरतो आणि प्रत्येक बिंदूचा डाग बनतो. एफ २२ ला हा डाग जवळजवळ ०.०३ मि.मी.चा, म्हणजे माझ्या साताठ बिंदूंएवढा होतो, आणि इतक्या जवळून काढताना छिद्राचा परिणाम आकड्यापेक्षा दीडपट धरावा लागत असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही मोठा. खोली मिळवायला गेले आणि धार गमावली.

तासभर खटाटोप केल्यावर लक्षात आले, की मी खोली वाढवण्याच्या मागे उगाच लागले आहे. चारही दोरे घोडीच्या माथ्यावर जवळजवळ एकाच प्रतलात आहेत. बाजूने पाहिल्यामुळे मीच त्यांना एकामागे एक उभे केले होते. कॅमेरा तिपाईवर उलटा टांगून घोडीच्या बरोबर वर आणला, तर दोन मिलिमीटरसुद्धा पुरेसे होते, फक्त सेन्सर घोडीला काटेकोर समांतर हवा. त्यासाठी पावडरच्या डबीतला छोटा आरसा तारांवर सपाट ठेवला आणि त्यात दिसणारे लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या ऐन मध्यावर येईपर्यंत तिपाईचे डोके हलवले. प्रतिबिंब मध्यावर आले म्हणजे समांतर. आरसा उचलला, फोकसचे कडे न फिरवता लाइव्ह व्ह्यूमध्ये पाहत अख्खा कॅमेरा केसाकेसाने खाली आणला, एफ ८, अर्धा सेकंद, टायमर. खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्मोकोलचा तुकडा धरून सावल्या भरल्या.

दुसऱ्या प्रयत्नातच चारही दोऱ्यांचे पीळ मोजता आले. चाचा दिवसभर त्या आरशावर नाराज होते. तारांवर काच ठेवणे त्यांना पटले नाही, आणि खरे तर मी आधी विचारायला हवे होते.

२१ सप्टेंबर, रविवार. मिरज

आज तयार तानपुरा काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) मिळवला होता आणि मला वाजती तार टिपायची होती. या सुरात जोडीच्या (मधल्या दोन) तारा सेकंदाला सुमारे १३९ वेळा कंप पावतात. १/१२५ सेकंदात एक आवर्तन पूर्ण होऊन वर थोडे उरते, म्हणून तारेऐवजी मधोमध फुगलेली आणि दोन्ही टोकांना निमुळती पारदर्शक पाकळी उमटते. ती मी पूर्ण आकारात पाहिली, तेव्हा मध्यभागी नुसता धूर होता आणि दोन्ही कडांना मात्र दोन बारीक, लख्ख रेषा होत्या. रंध्याचीच गोष्ट होती ही: तार मध्यातून वेगाने जाते आणि कडेला उलटण्यापूर्वी थबकते, म्हणून प्रकाश कडेला जास्त साचतो. चाचांना दाखवले. त्यांनी नुसते "हं" केले.

मग तानपुरा उन्हात अंगणात नेऊन १/२००० ला घेतले. तार एकेरी आली, पण सरळ नाही, सौम्य बाकदार. माझ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश १/२०० पर्यंतच जुळतो, म्हणजे पडद्यांच्या फटीला अख्खा सेन्सर ओलांडायला साधारण तितकाच वेळ लागतो, आणि तेवढ्यात तार सुमारे पाऊण आवर्तन करून घेते. वरचा भाग एका क्षणाचा आणि खालचा दुसऱ्या क्षणाचा. भाच्याच्या फोनमध्ये तर तारेचा चक्क नागमोडी ओढा झाला, कारण फोनचा सेन्सर ओळ ओळ वाचत उतरतो आणि त्याला वेळ जास्त लागतो. तार प्रत्यक्षात कधीही तशी दिसत नाही. मालिकेत १/१२५ ची पाकळी घेतली आहे: घोडी, दोरे आणि खुंट्या रेखीव, आणि तेवढी तार हललेली. इथे धूसरपणा हीच माहिती आहे.

५ ऑक्टोबर, रविवार. घरी

चाळीस निवडली आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फायलींवरून तयार केली. संगणकातील धार वाढवण्याची सोय कडेच्या दोन्ही बाजूंचा फरक वाढवते, म्हणजे असलेली कड ठसठशीत करते. नसलेली निर्माण करत नाही. जुलैतील हललेल्या छायाचित्रांवर मोहाने वापरून पाहिली, तर दुहेरी कडांना पांढरी किनार तेवढी आली. आयएसओ १६०० वरच्या छायाचित्रांत दाणे पूर्ण काढले नाहीत, कारण त्यांच्याबरोबर लाकडाच्या रेषाही मेणासारख्या गुळगुळीत होतात. दाणे कागदावर फारसे दिसत नाहीत.

१२ ऑक्टोबर, रविवार. मिरज

प्रती छापून आल्या. वाचनालयात नेण्यापूर्वी त्या चाचांना दाखवायला घेऊन गेले.

रंध्याची कात त्यांना आवडली. भोपळ्यांच्या राशीवर एका भोपळ्याकडे बोट करून "हा चिरलेला होता, टाकला" एवढेच म्हणाले. जवारीच्या छायाचित्राशी मात्र थांबले. १८ इंचांच्या प्रतीत घोडी प्रत्यक्षाच्या सुमारे दहापट दिसते. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, प्रत दारातल्या उजेडात तिरकी धरली आणि दुसऱ्या तारेखाली नखाने एक जागा दाखवली: दोऱ्याच्या अलीकडे, माथ्यावर, केसाइतका आडवा ओरखडा.

"ही कानस माझी नाही," ते म्हणाले आणि आतल्या पोराला हाक मारली.

तानपुरा अजून पाठवलेला नव्हता. त्यांनी दुसरी तार सैल करून बाजूला घेतली, बोटाच्या टोकाने घोडी चाचपली आणि बारीक कानस मागवली. काम उद्या-परवा पूर्ण होईल, तोवर ते छायाचित्र भिंतीवर लावू नये, असे त्यांनी बजावले आहे.

पुन्हा घ्यायचे छायाचित्र: क्र. ३१, जवारी. शनिवार, १८ ऑक्टोबर, सकाळी साडेनऊ, पूर्वेची खिडकी. ५० मि.मी. अधिक २५ मि.मी. जोडनळी, एफ ८, आयएसओ १००, अर्धा सेकंद, लाइव्ह व्ह्यू, टायमर. आरसा ठेवण्यापूर्वी तारांवर मलमलीचा तुकडा अंथरणे, आणि त्याही आधी चाचांना विचारणे.